खिरीतले गरळ

ऋषिपंचमीची कहाणी आपल्यापैकी अनेकांच्या कानावरून गेलेली असते. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, बैलाच्या कष्टाचे काही न खाता, घरातल्या वडीलधाऱ्या बायका हे व्रत करीत आणि दुपारी कहाणी वाचली जाई. विटाळशी असताना घरात वावरली, भांड्यांना शिवली, या दोषापायी एक ब्राह्मणी पुढच्या जन्मी कुत्री होते आणि तिचा नवरा बैल होतो. दोघेही आपल्याच मुलाच्या दारी राहतात. श्राद्धाच्या दिवशी खिरीचे पातेले उघडे राहते, साप त्यात गरळ टाकतो, आणि ते फक्त कुत्री पाहते. आता ब्राह्मण जेवतील आणि मरतील, म्हणून ती पुढे होऊन पातेल्याला तोंड लावते. सून जळते कोलीत घेऊन तिच्या कमरेत मारते आणि स्वयंपाक पुन्हा करते. रात्री उपाशी कुत्री बैलापाशी रडते, मुलगा ते ऐकतो, ऋषींना उपाय विचारतो आणि व्रत सांगितले जाते.

लोकसाहित्याच्या पेपरात ही कहाणी शिकवताना मी बरीच वर्षे विटाळाच्या कल्पनेवर, पापाच्या आणि परिहाराच्या रचनेवर बोलत आले. नोट्स ठरलेल्या होत्या, उदाहरणेही ठरलेली होती. एका वर्षी मागच्या बाकावरच्या विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, पण सापाचं पुढे काय झालं?" वर्ग हसला. मीही हसले असेन. पण उत्तर असे आहे की कहाणीत सापाचे पुढे काहीच होत नाही. तो येतो, गरळ टाकतो आणि निघून जातो. शिक्षा, प्रायश्चित्त, उद्यापन हे सारे बाईच्या स्पर्शाभोवती फिरते. खिरीत खरोखरीचे विष होते ही घटना कथेत घडते, पण कथेच्या विचारात ती शिरत नाही.

हा प्रश्न मला पुढे अगदी वेगळ्या ठिकाणी पुन्हा भेटला, तो अमेरिकेतल्या एका वस्तूच्या इतिहासात. तो इतिहास वैद्यकाचा आणि व्यापाराचा म्हणून आपण साहित्याची माणसे सहसा वाचत नाही. पण शब्दांनी काय झाकले जाते आणि काय उघडे पडते, हे पाहायचे असेल तर त्याच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

प्रथम शब्दांविषयीच थोडे. 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली', 'लांब बसली', 'अडचण आहे' ही आपली शब्दसंपत्ती. यांतला एकही शब्द रक्ताचे नाव घेत नाही, आणि प्रत्येक शब्द त्या बाईला जागेवरून हलवतो. विसाव्या शतकात या अनुभवाचे उद्योगाने जे नवे नामकरण केले ते 'सॅनिटरी' या विशेषणाने. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून केलेला 'सेल्युकॉटन' नावाचा शोषक पदार्थ वापरात आला होता. युद्ध संपल्यावर त्याचे काय करायचे, या प्रश्नातून १९२० साली 'कोटेक्स' हा पॅड बाजारात आला. तिसाव्या दशकात अर्ल हास या डॉक्टरच्या पेटंटमधून आजचा टॅम्पॉन, म्हणजे शरीराच्या आत ठेवायची शोषक गुंडाळी, घडला. 'सॅनिटरी' म्हणजे आरोग्यकारक, स्वच्छ. विशेषण वस्तूला लावले होते, पण त्याचा रोख बाईकडे होता. अस्वच्छ ती, आणि स्वच्छ करणारी वस्तू. विटाळाची जुनी कल्पना नव्या वेष्टनात शिल्लक राहिली, असे म्हणणे फार ढोबळ होईल. कपड्याच्या घड्या, त्या वाळवण्यासाठी शोधायचे अंधारे कोपरे, यांच्यातून या वस्तूंनी कोट्यवधी बायकांना मोकळे केले, हे खरेच आहे. मात्र वस्तू स्वच्छच असणार हे गृहीतक त्या विशेषणाने आपल्या मनात न बोलता पेरले, हेही तितकेच खरे.

आता मूळ प्रकरणाकडे येते.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या टॅम्पॉन उद्योगात चढाओढ वाढली. दूरचित्रवाणीवर अशा वस्तूंच्या जाहिरातींना असलेली बंदी १९७२ मध्ये उठली होती. (त्या जाहिरातीत 'पीरियड' हा शब्द मात्र १९८५ पर्यंत उच्चारला गेला नव्हता!) चढाओढीचा मुद्दा एकच होता, अधिकाधिक शोषण. पूर्वीचे टॅम्पॉन कापसाचे, मग कापूस आणि रेयॉन यांच्या मिश्रणाचे असत. आता पॉलिअ‍ॅक्रिलेटसारखे कृत्रिम, अतिशोषक पदार्थ त्यात येऊ लागले. साबण आणि लहान मुलांचे डायपर बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल या बलाढ्य कंपनीने या बाजारात उतरताना जी वस्तू आणली तिच्यात कापूस नव्हताच. पॉलिएस्टरच्या पिशवीत पॉलिएस्टर फोमचे बारीक चौकोनी तुकडे आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे कण भरलेले होते. हा दुसरा पदार्थ आइस्क्रीम दाट करायलाही वापरतात. ओल लागली की ही पिशवी चहाच्या पुडीसारखी फुगून पेल्याचा आकार घेई. १९७४ पासून तिची काही शहरांत चाचणी-विक्री झाली आणि १९८० च्या आरंभापर्यंत ती देशभर पोचली. कोट्यवधी घरांत फुकट नमुने टपालाने पाठवले गेले. नाव ठेवले होते 'रिलाय'. मराठीत सांगायचे तर 'विसंबा'. ही वस्तू काळजीसुद्धा शोषून घेते, असा जाहिरातीचा दावा होता.

कोणी तपासली होती ही वस्तू? अमेरिकेत १९७६ मध्ये वैद्यकीय उपकरणांविषयीचा कायदा झाला आणि टॅम्पॉन त्याच्या कक्षेत आले. पण कायदा होण्यापूर्वीच बाजारात असलेल्या वस्तूंना, आणि 'त्यांच्यासारख्याच' मानल्या गेलेल्या नव्या वस्तूंना, सुरक्षितता नव्याने सिद्ध करून दाखवावी लागत नसे. कापसाची गुंडाळी आणि फोमच्या तुकड्यांची पिशवी या दोन्ही 'टॅम्पॉन' या एका नामाखाली येत होत्या. संज्ञेच्या व्याप्तीचा प्रश्न आपण तर्कशास्त्राच्या वर्गात सोडवतो, तिथे त्याने कुणाचे काही बिघडत नाही.

इकडे वैद्यकात दुसरीच गोष्ट घडत होती. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड आणि त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट'मध्ये सात मुलांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. वय आठ ते सतरा. एकाएकी चढणारा ताप, उलट्या, जुलाब, उन्हाने भाजल्यासारखी लाल त्वचा, झपाट्याने खाली येणारा रक्तदाब, आणि जगलेच तर पुढे तळहातांची-तळपायांची सोलणारी कातडी. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या विषाचा हा परिणाम असावा असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांनी या आजाराला नाव दिले 'टॉक्सिक शॉक सिंड्रोम'. या सातांत मुलगेही होते. मासिक पाळीचा संबंध या पहिल्या वर्णनाच्या केंद्रस्थानी नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढे हा आजार म्हणजे 'बायकांचा आजार' असे समीकरण होऊन बसले आणि जखमेतून किंवा शस्त्रक्रियेनंतर तो झालेल्या रुग्णांकडे काही काळ दुर्लक्ष झाले.

१९७९ च्या अखेरीस विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा राज्यांतल्या डॉक्टरांना असे रुग्ण दिसू लागले, आणि त्या बहुतेक धडधाकट तरुण स्त्रिया होत्या. विस्कॉन्सिनचे जेफ्री डेव्हिस आणि अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रातील कॅथरिन शँड्स यांची नावे या शोधाशी जोडलेली आहेत. २३ मे १९८० च्या केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत ५५ रुग्णांची नोंद आली. त्यांत ५२ स्त्रिया होत्या, मृत्यू ७. ज्यांच्या पाळीचा इतिहास विचारला गेला होता त्यांपैकी जवळजवळ सर्वजणी पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत आजारी पडल्या होत्या. ही माहिती मिळाली कारण कोणीतरी तो प्रश्न विचारला. तापाने फणफणलेल्या बाईला तिची पाळी चालू आहे का, हे विचारण्याची आणि तिने ते सांगण्याची सवय अमेरिकेतल्या इस्पितळांतही होती असे समजण्याचे कारण नाही.

मग चौकशीची पद्धत ठरली. प्रत्येक आजारी स्त्रीच्या जोडीला तिचीच एक समवयस्क मैत्रीण घ्यायची आणि दोघींच्या सवयींची तुलना करायची. जूनमध्ये निष्कर्ष आला. ५२ रुग्ण स्त्रियांपैकी सगळ्याच टॅम्पॉन वापरत होत्या आणि मैत्रिणींपैकी ८५ टक्के. म्हणजे टॅम्पॉनचा संबंध दिसत होता, पण कोणत्या विशिष्ट टॅम्पॉनचा हे स्पष्ट नव्हते. दुसरी पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये आजारी पडलेल्या ५० स्त्रियांची झाली. यांतल्या ७१ टक्के 'रिलाय' वापरणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या मैत्रिणींमध्ये हे प्रमाण होते २६ टक्के. सप्टेंबरच्या मध्यास हे आकडे प्रसिद्ध झाले आणि २२ सप्टेंबर १९८० रोजी कंपनीने 'रिलाय' मागे घेतला. चार दिवसांनी अन्न व औषध प्रशासनाशी करार झाला. त्यानुसार कंपनीने माल परत घ्यायचा होता आणि वापर थांबवा हे सांगणाऱ्या जाहिराती स्वतःच्या खर्चाने करायच्या होत्या. आपल्या वस्तूत दोष आहे हे मात्र कंपनीने मान्य केले नाही.

त्याच सप्टेंबरच्या ६ तारखेला आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावी पंचवीस वर्षांची एक तरुण आई चार दिवसांच्या आजाराने मरण पावली होती. दोन लहान मुली मागे ठेवून. तिच्या नवऱ्याने खटला भरला आणि १९८२ च्या एप्रिलमध्ये ज्यूरीने ३ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. दंडात्मक रक्कम नाकारली. तिच्या वकिलाने पुढे या खटल्यावर पुस्तक लिहिले. मला या प्रकरणातला तारखांचा हिशेब अस्वस्थ करतो. टॅम्पॉनचा संबंध जूनमध्ये छापून आलेला होता. पत्रिका मात्र डॉक्टरांसाठी होती.

आकड्यांकडे बोट दाखवणाऱ्यांवर तेव्हाही आक्षेप घेतले गेले, आणि ते सगळेच कंपनीच्या सोयीचे म्हणून टाकून देण्याजोगे नव्हते. वर्तमानपत्रांत एखाद्या नावाची चर्चा सुरू झाली की रुग्णाला तेच नाव आठवते आणि डॉक्टरही तेवढेच रुग्ण कळवतात. स्मरण हे पुराव्याचे कच्चे साधन आहे, हे आत्मचरित्रांचा अभ्यास करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि आयोवा या तीन राज्यांनी मिळून केलेली पुढची पाहणी महत्त्वाची ठरते. तिच्यात असे दिसले की नाव कोणतेही असो, टॅम्पॉन जितका अधिक शोषक तितका धोका अधिक. आणि 'रिलाय'च्या बाबतीत धोका निव्वळ शोषकतेच्या हिशेबाने येईल त्याहूनही जास्त होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एका वस्तूला खलनायक करून बाकीच्यांची सुटका होत नव्हती, आणि सगळ्या सारख्याच म्हणून त्या एकीचीही होत नव्हती.

आता या प्रकरणातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. 'रिलाय'मध्ये विष नव्हते. ती वस्तू दूषितही नव्हती. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि काही स्त्रियांच्या योनिमार्गात एरवीही राहतो आणि बहुधा निमूट राहतो. त्याच्या काही जातीच हे विष तयार करतात. ते विष १९८१ मध्ये ओळखले गेले. बहुतेक प्रौढांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये असतात. ज्यांच्यात ती नसतात त्यांना धोका. योनिमार्गात एरवी प्राणवायू फारसा नसतो. टॅम्पॉनबरोबर तो आत जातो, आणि विष तयार व्हायला तो लागतो. भरीला रक्त, ऊब आणि खूप शोषक म्हणून खूप वेळ आत ठेवता येणारी वस्तू. नेमका कोणता पदार्थ किती जबाबदार, यावर वैज्ञानिकांत वर्षानुवर्षे वाद झाले. पण एवढे नक्की की वस्तू, जिवाणू आणि शरीर या तिघांपैकी एकट्याला दोषी ठरवता येत नव्हते. तिघे एकत्र आले म्हणजे विष होई.

कंपन्यांच्या बचावाला हे सोयीचे होते, हे उघड आहे. जिवाणू तर बाईच्याच शरीरातला! दोष पुन्हा तिथेच गेला जिथे तो हजारो वर्षे जात होता. तिने हात नीट धुतले होते का, वेळेवर बदलला होता का, असे प्रश्न पुढे आले. हे प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने गैर नाहीत. आजही पाकिटावर अशाच सूचना असतात, आणि त्या पाळाव्यात. पण इथे मला कहाणीतली सून आठवते. खिरीच्या पातेल्याला तोंड लागलेले तिने पाहिले ते खरेच होते.

१९८२ पासून टॅम्पॉनच्या पाकिटावर या आजाराची सूचना छापणे सक्तीचे झाले. सूचनेचा आशय असा की गरज भागेल तेवढ्या कमीत कमी शोषकतेचा टॅम्पॉन वापरा. सल्ला योग्य, पण पाळायचा कसा? 'रेग्युलर', 'सुपर', 'सुपर प्लस' हे शब्द प्रत्येक कंपनी आपल्या मनाने वापरत होती. एकीचा 'रेग्युलर' दुसरीच्या 'सुपर'पेक्षा जास्त शोषक असे. शब्दाला अर्थच नव्हता. होता तो केवळ सूर.

या शब्दांना अर्थ मिळवून देण्याची लढाई जवळजवळ सगळे ऐंशीचे दशक चालली. तिच्यात बॉस्टनच्या स्त्री-आरोग्य गटातल्या एस्थर रोम यांचे काम फार मोलाचे आहे. 'अवर बॉडीज, अवरसेल्व्ह्ज' हे पुस्तक ज्या गटाने सिद्ध केले, तोच हा गट. उद्योगाचे प्रतिनिधी, सरकारी अधिकारी, शास्त्रज्ञ आणि ग्राहकांचे प्रतिनिधी यांच्या समितीत रोम वर्षानुवर्षे बसल्या. शोषकता मोजायचे यंत्र होते 'सिंजिना'. कृत्रिम योनी असे त्याच्या नावाचे विग्रह करता येईल. काचेच्या नळीत ताणलेला निरोध, त्यात टॅम्पॉन, आणि वरून ठरावीक गतीने सोडलेले रंगीत मिठाचे पाणी. रक्त नाही. रक्ताचा दाटपणा नाही, त्यातल्या गाठी नाहीत, ऊतींचे तुकडे नाहीत. मोजमापाच्या टेबलावरही तोच संकोच होता, जो जाहिरातीतल्या निळ्या द्रवात आपण सर्वांनी पाहिला आहे. रोम यांना हे दिसत नव्हते असे नाही, पण निदान सगळ्यांना एकच माप लागू होईल, एवढे तरी पदरात पाडून घेणे त्यांना शक्य वाटले. अखेर एका ग्राहक संघटनेने न्यायालयात धाव घेतल्यावर १९८९ मध्ये नियम निघाला आणि १९९० मध्ये लागू झाला. सहा ग्रॅम ते नऊ ग्रॅम म्हणजे 'रेग्युलर', नऊ ते बारा 'सुपर', बारा ते पंधरा 'सुपर प्लस'. हे तीन शब्द अशा रीतीने कोशात नव्हे, तर राजपत्रात व्याख्याबद्ध झाले. दहा वर्षे लागली.

दरम्यान वस्तूही बदलल्या होत्या. १९८५ मध्ये कॅन्ससमधल्या एका खटल्यात ज्यूरीने दुसऱ्या एका कंपनीला एक कोटी डॉलरचा दंड ठोठावला. पॉलिअ‍ॅक्रिलेट असलेले टॅम्पॉन बाजारातून काढून घेतले तर दंड कमी करू, असे न्यायाधीशाने सुचवले, आणि ते काढले गेले. अतिशय शोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १९८० मध्ये ४२ टक्के होते, ते १९८६ मध्ये १ टक्क्यावर आले. १९८० साली अमेरिकेत या आजाराच्या ८९० रुग्णांची नोंद झाली होती. त्यांतल्या ८१२ जणींचा आजार पाळीशी निगडित होता. १९८९ मध्ये एकूण नोंदी ६१, पाळीशी निगडित ४५. नोंदणीतले दोष वजा केले तरी उतार स्पष्ट आहे. आजार नाहीसा झालेला नाही, पण विरळ झाला.

'दूषितता' या शब्दाच्या नेहमीच्या अर्थाने ज्याला दूषितता म्हणावे, ती या इतिहासात नंतर येते. लाकडाचा लगदा पांढरा करायला क्लोरीन वायू वापरला की डायॉक्सिन या घातक द्रव्याचे अंश उरतात, हे ऐंशीच्या दशकात लक्षात आले. पांढरेपणाला कार्यात्मक गरज काहीच नव्हती. तो केवळ शुचितेचा रंग होता आणि त्या रंगासाठी विष पत्करले गेले होते; यापेक्षा कडवट उपरोध कोणत्या कथालेखकाला सुचला असता? पुढे उद्योगाने मूलद्रव्यी क्लोरीनचा वापर सोडला. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या सदस्य कॅरोलिन मलोनी यांनी १९९७ पासून या वस्तूंच्या स्वतंत्र संशोधनासाठी विधेयक आणले. ते पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि संमत मात्र झाले नाही. २००२ मधल्या एका अभ्यासाने दाखवले की टॅम्पॉनमधून शरीरात जाऊ शकणारे डायॉक्सिन आपल्या रोजच्या अन्नातून जाणाऱ्या डायॉक्सिनपेक्षा हजारो पटींनी कमी आहे. हे सांगितले पाहिजे, कारण त्या काळात ई-मेलवरून फिरणारे भीतिदायक मजकूर (टॅम्पॉनमध्ये मुद्दाम अ‍ॅस्बेस्टॉस घालतात, हा त्यांतला एक) निखालस खोटे होते. भीती खरी असली तरी तिने उचललेली प्रत्येक गोष्ट खरी नसते.

हीच सावधगिरी २०२४ च्या बातमीबाबतही बाळगावी लागते. बर्कली येथील संशोधकांनी १४ नावांखाली विकले जाणारे ३० टॅम्पॉन तपासले आणि १६ धातूंचा शोध घेतला. शिसे सगळ्या नमुन्यांत सापडले, आर्सेनिकही सापडले. 'सेंद्रिय' म्हणून विकल्या जाणाऱ्यांत शिसे कमी होते, पण आर्सेनिक जास्त. हे धातू वस्तूतून बाहेर पडतात का, शरीर ते शोषून घेते का, हे त्या अभ्यासाने तपासलेच नव्हते आणि संशोधकांनी तसे स्पष्ट लिहिले होते. मथळ्यांत ते वाक्य गळाले. पण मथळ्यांवर रागावून झाल्यावरही एक गोष्ट उरते. ही वस्तू घरोघर पोचून नव्वद वर्षे होत आली तेव्हा टॅम्पॉनमधल्या धातूंचे असे मोजमाप पहिल्यांदा झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यानंतर स्वतःचा अभ्यास जाहीर केला. पाकिटावर घटकद्रव्ये छापण्याची सक्ती न्यूयॉर्क राज्याने २०१९ च्या कायद्याने केली, कॅलिफोर्नियाने त्यानंतर. बिस्किटाच्या पुड्यावर ती कितीतरी आधीपासून छापली जातात.

आपल्याकडे टॅम्पॉन वापरणाऱ्या स्त्रिया थोड्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते २४ वयोगटातल्या ६४ टक्के स्त्रियांनी सॅनिटरी नॅपकिन वापरत असल्याचे सांगितले आणि ५० टक्के स्त्रियांनी कापड. दोन्ही वापरणाऱ्या पुष्कळ, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाते. पॅड शरीराबाहेर राहतो, म्हणून 'रिलाय'चा इतिहास इथे जसाच्या तसा लागू करणे चुकीचे ठरेल. मात्र दुवा आहे. 'रिलाय' मागे घेतल्यावर त्याच कंपनीने १९८३ मध्ये पॅडच्या बाजारात पाऊल टाकले, आणि तोच पॅड १९८९ मध्ये भारतात आला तो 'व्हिस्पर' या नावाने. विसंबा, आणि मग कुजबुजा! नाव ठेवणाऱ्याने भारतीय समाज बरोबर ओळखला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते पाकीट काळ्या पिशवीत घालून दुकानदार देई तेव्हा कुजबुजायचीही गरज पडत नसे.

सॅनिटरी नॅपकिनसाठी भारतीय मानक संस्थेचे मानक होते ते १९८० सालचे. त्यातली मुख्य कसोटी शोषणाची होती. ३० मिलिलिटर रंगीत पाणी, किंवा गोठू नये म्हणून प्रक्रिया केलेले शेळी-मेंढीचे रक्त, ठरावीक गतीने सोडायचे आणि ते खालून वा बाजूने पाझरता कामा नये. शेळीचे का होईना, पण मानकाच्या मसुद्यात रक्त आहे, याचे मला पहिल्यांदा वाचताना जवळजवळ कौतुकच वाटले होते. हे मानक बदलायला २०१९ साल उजाडावे लागले. तेव्हा जिवाणू-बुरशीच्या आणि त्वचेवरील परिणामांच्या कसोट्या त्यात आल्या. २०२२ मध्ये दिल्लीच्या 'टॉक्सिक्स लिंक' या संस्थेने बाजारातले दहा नमुने तपासून सगळ्यांत थॅलेट वर्गातली रसायने आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि या रसायनांच्या मर्यादांविषयी आपली मानके गप्प असल्याचे म्हटले. नमुने दहाच होते, त्यामुळे त्यावरून देशभराचा निष्कर्ष काढू नये. पण मोठी पाहणी करण्यापासून कोणी कुणाला अडवलेले नव्हते.

आणखी एक दृश्य येथे नोंदवणे आवश्यक वाटते, जरी ते विषयाच्या थोडे कडेला आहे. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेल्या पॅडवर लाल ठिपका काढून ते वेगळे द्या, अशी मोहीम चालवली. कारण सरळ होते. कचऱ्यातून बाकीचे जिन्नस हाताने निवडताना हे पॅडही त्या बायकांच्याच हाताला लागत होते. ज्या वस्तूने एका बाईला 'बाहेर' बसण्यापासून सोडवले, तिचा विटाळ दुसरी बाई बोटांनी उचलत होती, आणि तिची जात कोणती हे सांगायची गरज नाही. या बायकांनी मागितले होते फक्त कागदात गुंडाळणे आणि एक ठिपका.

त्या विद्यार्थिनीने सत्राच्या शेवटी ट्युटोरियल लिहिले ते ऋषिपंचमीच्या कहाणीवरच. विश्लेषण बेताचेच होते आणि शुद्धलेखनाला मी दोन गुण कापले. शेवटच्या पानावर तिने, विषयाशी संबंध न सांगता, आपल्या दप्तरातल्या पॅडच्या पाकिटावरचा सगळा मजकूर उतरवून काढला होता. किती नग, किती मिलिमीटर लांबी, किंमत, सुगंधाचे नाव, कधी बनवले, कुठे तक्रार करायची. पॅड कशाचा बनवला आहे, या ओळीपुढे तिने पेनने एक रिकामी रेघ ओढून ठेवली होती.